जर्नलमधलं रीडिंग आणि आत्याची टिकटिक

सबमिशनच्या आदल्या रात्री आपलं होस्टेल जितकं जागं असतं तितकं ते गणपतीतही नसतं. कॉरिडॉरमध्ये दोन खुर्च्यांवर काच, काचेखाली बल्ब आणि वर शीट ठेवून जीटी मारणारे दोघे. खोलीत एकच 'ओरिजिनल' जर्नल मध्ये ठेवून चहूबाजूंनी उतरवून घेणारे पाच जण. आणि दारात उभा राहून "आठवं प्रॅक्टिकल कुणाकडे आहे रे?" असं ओरडणारा सहावा. या सगळ्यात मी कधी पहिल्या पाचांत असतो, कधी सहावा असतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून "आला मोठा हरिश्चंद्र" असं कुणी म्हणू नये.

गेल्या सेमिस्टरला सबमिशनच्या आधी दोन दिवस मला गावी जावं लागलं. आत्याची तब्येत जरा बिघडली होती आणि रात्री तिच्याजवळ थांबायला कुणीतरी हवं होतं. मी जर्नल बरोबरच नेलं. आत्याला लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला होता. त्या तापाने सांधे सुटतात, पण हृदयाची झडप धरली जाते. मी सातवीत असताना तिची झडप बदलली. तेव्हापासून तिच्या छातीत कृत्रिम व्हॉल्व आहे. रोज रक्त पातळ ठेवण्याची गोळी, ठरावीक दिवसांनी आयएनआरची तपासणी, आणि रेशनकार्डाच्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेलं एक छोटं कार्ड. त्यावर व्हॉल्वचं नाव, साइज आणि सीरियल नंबर.

रात्री गाव शांत झालं, पंखा बंद केला, की तो व्हॉल्व ऐकू येतो. टिक, टिक, टिक. अगदी स्वस्तातल्या घड्याळासारखा. तो ऐकत मी कॉटशेजारी खाली बसून बीमच्या डिफ्लेक्शनचं प्रॅक्टिकल लिहीत होतो. पद्धत आपल्या सर्वांना माहीत आहे. पोलादाचा ई साधारण २०० ते २१० गिगापास्कल यायला हवा. मग आधी उत्तर लिहायचं, सूत्र उलटं फिरवायचं आणि डिफ्लेक्शनचं रीडिंग 'काढायचं'. एखाद्या रीडिंगमध्ये मुद्दाम थोडी चूक ठेवायची, म्हणजे खरं वाटतं. मी २०५ ठेवला. आत्या जागीच होती. म्हणाली, "काय लिहितोस एवढं?" म्हटलं, "प्रयोग." ती म्हणाली, "इथे बसून प्रयोग करता येतो होय रे?"

तिने ते भाबडेपणाने विचारलं. मला मात्र पुढे एक ओळही लिहिता आली नाही.

मित्रांनो, जरा हिशोब करू या. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला १,००,८०० होतात. वर्षाला जवळजवळ ३ कोटी ६८ लाख. तेवढ्या वेळा तो व्हॉल्व उघडतो आणि मिटतो. त्याला सुट्टी नाही, ऑइलिंग नाही, शटडाउन मेंटेनन्स नाही. आपल्या वर्कशॉपमधल्या लेथला दर आठवड्याला काहीतरी होतं. इथे बिघाड झाला तर मेकॅनिक बोलवायलाही वेळ मिळत नाही. यांत्रिक व्हॉल्वच्या आंतरराष्ट्रीय मानकात म्हणूनच ४० कोटी चक्रांची टिकाऊपणाची चाचणी मागितली आहे. चाचणीयंत्र सेकंदाला २० वेळा व्हॉल्व उघडझाप करू लागलं, तरी रात्रंदिवस चालवून २३१ दिवस लागतात. सात-साडेसात महिने! आणि एवढ्या काळात कुणीतरी रोज जाऊन ते रीडिंग खरंखरं लिहून ठेवायचं असतं. सगळं त्या माणसावर उभं आहे.

माझा मुद्दा थोडक्यात असा: शरीरात बसवायच्या उपकरणांचा शोध म्हणजे डोक्यात पेटलेला दिवा नव्हे. या क्षेत्रातले खरे शोध वर्कबेंचवर, झीज मोजणाऱ्या यंत्रासमोर आणि नोंदवहीत लागलेले आहेत. माणसं मेली आहेत तीही बहुतेक तिथल्याच गफलतीमुळे. आणि आपण चार वर्षं नेमकी तीच गोष्ट खोटी करायला शिकतो.

आता उदाहरणं देतो, नाहीतर हे प्रवचन होईल.

पेसमेकरपासून सुरुवात करू. ८ ऑक्टोबर १९५८ ला स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इस्पितळात आर्ने लार्सन नावाच्या रुग्णाला जगातला पहिला संपूर्ण शरीरात बसवलेला पेसमेकर लावला गेला. सर्जन ओके सेनिंग, इंजिनिअर रूने एल्मक्विस्ट. लार्सनचं हृदय दिवसातून अनेकदा थांबत होतं आणि त्याच्या बायकोने या दोघांच्या मागे लकडा लावला होता. एल्मक्विस्टने सर्किट तयार केलं आणि ते इपॉक्सी रेझिनमध्ये ओतलं. ओतायला साचा कुठला? बूट पॉलिशची डबी! आपल्याकडे ही गोष्ट 'जुगाड'चं उदाहरण म्हणून सांगितली जाते आणि टाळ्या पडतात. पण पुढचा भाग कुणी सांगत नाही. तो पहिला पेसमेकर काही तासांतच बंद पडला. मग दुसरा बसवला. त्यानंतर लार्सनने आयुष्यात वीसहून अधिक पेसमेकर वापरले, २००१ पर्यंत जगला, आणि सर्जन व इंजिनिअर दोघेही त्याच्या आधी गेले. डबीने सुरुवात झाली हे खरं. पण लार्सनला चाळीसहून अधिक वर्षं मिळाली ती डबीमुळे नव्हे. बॅटरी, वायरचा थकवा, आत शिरणारा ओलावा, झाकणाचं सीलिंग या एकेका कंटाळवाण्या प्रश्नावर पुढे लोक वर्षानुवर्षं बसले म्हणून मिळाली. विल्सन ग्रेटबॅच यांनी पुढे आणलेली लिथियम-आयोडिन बॅटरी १९७२ पासून पेसमेकरमध्ये आली, तोवर बॅटरी संपली म्हणून दर थोड्या वर्षांनी छाती उघडावी लागायची.

दुसरं उदाहरण मला सर्वांत आवडतं, कारण त्यात हीरो आपल्या वर्कशॉपमधल्या इन्स्ट्रक्टरसारखा माणूस आहे. इंग्लंडमध्ये लँकेशायरला राइटिंग्टन इस्पितळात सर जॉन चार्नली कृत्रिम खुब्याच्या सांध्यावर काम करत होते. खुब्याच्या वाटीसाठी त्यांनी टेफ्लॉन निवडलं. घर्षण कमी, गुळगुळीत, सगळं पुस्तकाप्रमाणे बरोबर. सुमारे ३०० रुग्णांना ते बसवलंही. आणि दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं, त्याच्या कणांनी आत गाठी झाल्या, सांधे सैल पडले. चार्नली माणूस मोठा. त्यांनी ते कण स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन काय होतं ते पाहिलं, आणि चुकलो हे कबूल केलं.

मग मे १९६२ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतल्या हॅरी क्रेव्हन या तंत्रज्ञाकडे एक विक्रेता आला. तो एका नव्या प्लॅस्टिकचे नमुने घेऊन फिरत होता. त्या प्लॅस्टिकचे गिअर लँकेशायरच्या कापडमागांना वापरत. आपल्या इचलकरंजीत चालतात तशा मागांना म्हणा ना! क्रेव्हनने तो तुकडा चार्नलींना दाखवला. त्यांनी नखाने ओरखडून पाहिला आणि नापसंत केला, आणि मग ते परदेशी गेले. क्रेव्हनने मात्र तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला आणि यंत्र सुरू करून दिलं. यंत्र रात्रंदिवस चाललं. तीन आठवड्यांत जी झीज झाली ती टेफ्लॉनच्या एका दिवसातल्या झिजेपेक्षाही कमी होती! ते प्लॅस्टिक म्हणजे खूप मोठ्या रेणूंचं पॉलिइथिलीन. नोव्हेंबर १९६२ पासून ते रुग्णांना बसवायला सुरुवात झाली, आणि आज जगभरात खुब्याचे नि गुडघ्याचे जे सांधे बसवतात त्यांतल्या बहुतेकांत याच घराण्यातलं प्लॅस्टिक असतं.

आता सांगा, हा शोध कुणाचा? नाव चार्नलींचं आहे आणि ते योग्यच आहे. पण "साहेब नको म्हणाले आहेत, तरी यंत्र काय म्हणतं ते बघू" असं ज्याला वाटलं त्याचाही तो आहे. आणि त्या यंत्राच्या रीडिंगवर साहेबांनी परत आल्यावर विश्वास ठेवला, कारण ते रीडिंग खरं होतं.

तिसरं उदाहरण वाईट आहे. ब्योर्क-शायली नावाचा कलत्या चकतीचा व्हॉल्व होता. १९६९ मध्ये आलेलं मूळ डिझाइन चांगलं चाललं होतं. पुढे रक्ताचा प्रवाह सुधारावा, गुठळ्या कमी व्हाव्यात म्हणून चकतीचा आकार बदलला आणि १९७९ मध्ये नवं मॉडेल बाजारात आलं. कल्पना चांगली होती. पण चकती धरून ठेवणाऱ्या दोन कमानींपैकी एक कमान कड्यातूनच कोरलेली आणि दुसरी वेल्ड केलेली होती. चकती मिटताना त्या वेल्ड केलेल्या कमानीवर किंचित जास्त आपटायची. दिवसाला लाखभर वेळा. फटीग म्हणजे काय ते आपण तिसऱ्या सेमिस्टरला शिकतो, एस-एन कर्व्हही काढतो. एका बाजूचा वेल्ड तडकला की भार दुसऱ्यावर, मग तोही तुटणार आणि चकती निसटून रक्ताबरोबर वाहत जाणार. सुमारे ८६,००० माणसांना हा व्हॉल्व बसवला होता. ६०० हून अधिक व्हॉल्व तुटल्याची नोंद झाली आणि तुटलेल्यांपैकी बहुतेक रुग्ण दगावले. १९८६ मध्ये तो बाजारातून गेला.

वेल्ड तुटला हा झाला तांत्रिक भाग. पुढे चौकशीत जे आरोप झाले ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. तडा दिसलेले व्हॉल्व पुन्हा वेल्ड करण्याऐवजी नुसते घासून पॉलिश केले, आणि नोंदीत मात्र दुरुस्त केल्याचं लिहिलं. काही नोंदींवर तर नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं नाव होतं! नियामकांना खोटी माहिती दिल्याच्या दाव्यात मूळ कंपनी फायझरने १९९४ मध्ये अमेरिकी सरकारला १ कोटी ७ लाख ५० हजार डॉलर देऊन तडजोड केली. मला सांगा, गैरहजर मुलाच्या नावाने ग्रुपमधल्या दुसऱ्याने रीडिंग भरणं आणि हे, यांत नेमका फरक काय? फक्त वयाचा आणि पगाराचा.

याच व्हॉल्वच्या नंतरच्या मॉडेलमध्ये दोन्ही कमानी अखंड धातूतूनच कोरायला घेतल्या, वेल्ड काढूनच टाकला, आणि कमान तुटण्याचा प्रश्न मिटला. म्हणजे उत्तर 'इनोव्हेटिव्ह' वगैरे काही नव्हतं, जोड नको एवढंच होतं. पण अखंड ठोकळ्यातून इतकी नाजूक कमान कोरणं हे मशीन शॉपचं काम आहे. तिथे कल्पनेपेक्षा हात लागतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हृदयशल्यचिकित्सक डॉ. एम. एस. वलियाथन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस भारतीय व्हॉल्व बनवायचं काम हाती घेतलं. इंजिनिअरिंगची बाजू जी. एस. भुवनेश्वर यांच्याकडे होती. कारण सरळ होतं. संधिवाताच्या तापाने झडपा गेलेले रुग्ण आपल्याकडे ढिगाने, तेही तरुण आणि गरीब, आणि परदेशी व्हॉल्व न परवडणारा. पहिलं मॉडेल वेल्डपाशी तुटलं. दुसऱ्यात नीलमण्याच्या, म्हणजे कृत्रिम सफायरच्या चकतीने टायटॅनियमची कमान झिजवली. तिसऱ्यात कमानीचा मिश्रधातू बदलला, तर ती कठीण चकतीच प्राण्यावरच्या चाचणीत फुटली. तीन मॉडेलं, तीन अपयशं, मध्ये किती वर्षं! आपल्याकडे दुसऱ्या रिव्ह्यूला मॉडेल चाललं नाही तर आपण एक रेडीमेड सर्किट आणून खोक्यात बसवतो.

चौथ्या मॉडेलमध्ये कमानीसकट कडं हेन्स-२५ या कोबाल्टच्या मिश्रधातूच्या अखंड ठोकळ्यातून कोरलं. वेल्ड नाही, वाक नाही. टाके घालायच्या रिंगला पॉलिएस्टरचं कापड. आणि चकती? त्याच घराण्यातल्या अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिइथिलीनची. मागाच्या गिअरपासून निघालेलं प्लॅस्टिक खुब्यातून हृदयात आलं! ६ डिसेंबर १९९० ला तो व्हॉल्व पहिल्यांदा रुग्णाला बसवला गेला. पुढे टीटीके समूहाने त्याचं उत्पादन सुरू केलं, आणि परदेशी व्हॉल्वपेक्षा बऱ्याच कमी किमतीत तो हजारो भारतीयांच्या छातीत गेला. डॉ. वलियाथन जुलै २०२४ मध्ये वारले. आपल्या नोटीस बोर्डावर त्या दिवशी एका कंपनीच्या प्लेसमेंटची यादी होती. यादी लावू नये असं मी म्हणत नाही. पण शेजारी चार ओळी लावायला काय हरकत होती?

आत्याच्या कार्डावर चित्रा हे नाव आहे. ते मी इतकी वर्षं पाहत होतो, पण वाचलं नव्हतं.

मदुराईच्या ऑरोलॅबचंही असंच. डोळ्यात बसवायचं भिंग हा शोध इंग्लंडच्या हॅरल्ड रिडलीचा. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या अ‍ॅक्रिलिक छताचे कण घुसले तरी डोळा त्यांना फारसा त्रास मानत नाही हे त्याच्या ध्यानात आलं, आणि २९ नोव्हेंबर १९४९ ला त्याने पहिलं भिंग बसवलं. पण त्यानंतरही कित्येक वर्षं आपल्या आजी-आजोबांना मोतीबिंदूनंतर सोडा-वॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्माच मिळत होता. आयात भिंग परवडतच नसे. १९९२ मध्ये ऑरोलॅबने इथेच ते बनवायला घेतलं आणि किंमत शंभर डॉलरच्या घरातून थोड्या डॉलरवर आणली. भिंग तेच, रिडलीचंच. नवं होतं ते बनवणं. गावच्या नेत्रशिबिरात काळा गॉगल लावून बसलेल्या म्हाताऱ्यांच्या दृष्टीने खरा शोध १९९२ चा आहे.

आता या सगळ्याला जे आक्षेप येणार ते मला पाठ आहेत, कारण आमच्या विंगमध्ये ते येऊन गेले.

पहिला: "आपण कुठे व्हॉल्व बनवणार? आपण सगळे आयटीत जाणार." ठीक. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत सुमारे ४,६५,००० पेसमेकरांचं फर्मवेअर बदलण्याची सूचना निघाली, कारण बाहेरून कुणी त्यात शिरू शकेल अशी फट सापडली. इथे सॉफ्टवेअर छातीतच आहे, राजा! टेस्ट केस न चालवता 'पास' लिहायची सवय तिथेही तितकीच महाग पडेल.

दुसरा: "कागदाने काय होतं?" कागदाने काय होतं ते खुब्याच्या सांध्याने दाखवलं. धातूवर धातू घासणारा एएसआर नावाचा सांधा कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत बोलावला. सुमारे ९३,००० रुग्णांना तो बसला होता, भारतात ४,७०० च्या आसपास शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पुढे सरकारने नेमलेल्या समितीने चौकशी केली तेव्हा यांतल्या मोठ्या संख्येच्या रुग्णांचा पत्ताच लागला नाही. रक्तात कोबाल्ट उतरतंय, आणि माणूस कुठे आहे ते कागदावर नाही! आज परिस्थिती थोडी बदलली आहे. उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद करणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून आहे, वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. पण नियम कागद मागतो. कागदावर खरं लिहायला माणूस लागतो, आणि तो माणूस आपल्यासारख्याच एखाद्या कॉलेजातून बाहेर पडतो.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो मी सरांसमोर मांडतो आहे, राग मानू नये. "खरं रीडिंग लिहिलं तर मार्क कापतात." हे होतं. ज्याचा ई २०५ येतो त्याला दहापैकी नऊ, ज्याचा १६० येतो त्याला "पुन्हा कर". पुन्हा करायला मशीन मिळत नाही, कारण पुढची बॅच उभी असते. मग मुलगा शहाणा होतो. आम्ही खोटं लिहितो ही आमची चूक आहेच. पण खोटं लिहिणं हाच सोपा रस्ता ठेवला आहे ही व्यवस्थेची चूक आहे. दोन्ही एकदम मान्य करायला हव्यात.

तर गावाहून परत आल्यावर मी काय केलं ते सांगतो. सबमिशन तर त्या २०५ वरच होऊन गेलं होतं. पण डोक्यातून "इथे बसून प्रयोग करता येतो होय रे" जाईना. एका शनिवारी लॅब असिस्टंट काकांना विनंती करून तेच प्रॅक्टिकल एकट्याने पुन्हा लावलं. वजनं लावली, डायल गेज ठोकून बघितलं, प्रत्येक रीडिंग तीनदा घेतलं. ई आला १६६! पुन्हा केलं. पुन्हा १६६ च्या आसपास. रीडिंग इतकं एकसारखं येतंय, म्हणजे हात चुकत नाही, काहीतरी दुसरंच आहे. अर्धा तास डोकं खाजवलं. मग काकाच म्हणाले, "अरे, त्या पट्टीला रंग किती वेळा मारलाय माहितीये का? दर वेळी कमिटी आली की एक हात."

नखाने खरवडलं तर खरंच, हिरव्याखाली करडा, करड्याखाली पुन्हा हिरवा. कॅलिपरने जाडी ६.४ येत होती, रंग खरवडून मोजली तर ६.०. सूत्रात जाडीचा घन आहे. एवढ्याशा फरकाने जवळजवळ १८ टक्के जातात, उरलेलं थोडं रुंदीत. नवी मापं घालून गणित केलं: २०४ पेक्षा किंचित जास्त. त्या क्षणी जो आनंद झाला तो मला आजवर एकाही पेपरात झालेला नाही. आणि लगेच दुसरा विचार आला. इतकी वर्षं इतक्या बॅचेसनी त्या पट्टीवर २०५ लिहिलं. रंगामुळे ते येणं शक्यच नव्हतं! म्हणजे इतक्या वर्षांत एकानेही ते प्रॅक्टिकल केलेलंच नाही, किंवा केलं आणि जे दिसलं ते खोडून टाकलं. एकाने जरी १६६ लिहून "असं का?" विचारलं असतं, तर गोष्ट त्याच दिवशी उघडी पडली असती. चुकीचं रीडिंग हे यंत्राने आपल्याला सांगितलेलं काहीतरी असतं. आपण त्याचं तोंड दाबतो.

म्हणून तीन सूचना करतो. एक, दर विषयात निदान एक प्रॅक्टिकल असं असावं की उत्तराला मार्क नाहीत, उत्तर का चुकलं याच्या कारणाला आहेत. दोन, प्रॅक्टिकलच्या दिवशीच पेनाने लिहिलेलं कच्चं रीडिंग, त्यावर त्याच दिवशीची सही, आणि तेच पान जर्नलला जोडलेलं असावं. खाडाखोड असली तरी चालेल, उलट असायलाच हवी. तीन, फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 'काय चाललं नाही' असं एक प्रकरण सक्तीचं करावं. चित्रा व्हॉल्वची तीन मॉडेलं त्या प्रकरणातच बसली असती. आणि वर्कशॉपच्या इन्स्ट्रक्टरांचं आणि लॅबच्या काकांचं नाव आभारप्रदर्शनाच्या शेवटच्या ओळीत न ढकलता गाइडच्या खाली यावं. क्रेव्हन आपल्याकडे असता तर आपण त्याला "मामा, जरा मशीन चालू करा" एवढंच म्हटलं असतं.

आणि होस्टेलकरांना सूचना नाही, फक्त विनंती. पुढच्या सबमिशनला जीटी मारा, थिअरी उतरवा, मीही उतरवीन. एका सेमिस्टरमध्ये आपण संत होणार नाही. पण रीडिंगचा तक्ता तेवढा सोडा. तो स्वतःचा लिहा, कसाही येवो. मार्क गेले तर जातील. मी या सेमिस्टरला तसं करून पाहतो आहे, आतापर्यंत दोन प्रॅक्टिकलना "पुन्हा कर" मिळालं आहे आणि एकदा सरांनी थांबून "का आलं असं?" विचारलं आहे.

परवा आत्याला फोन केला. तब्येत बरी आहे. तिला रंगाची गोष्ट सांगितली तर मनापासून हसली. म्हणाली, "बरं झालं माझ्यातल्याला कुणी रंग नाही दिला ते!" मी म्हटलं, "त्याचं मोजमाप कुणीतरी नीट केलं होतं गं." फोनवर टिकटिक ऐकू येत नाही, पण ती बोलत होती, म्हणजे चालूच होती.